ॲक्च्युरिअल क्षेत्रात वळताना रिक्रूटरशी कसं वागावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटी, बँक, शिकवणं, ऑडिट, डेटा अशा कामांत काही वर्षं काढून ज्यांना ॲक्च्युअरीच्या (विमा, निवृत्तीवेतन यांतल्या जोखमीचा गणिती हिशेब करणारा तज्ज्ञ) वाटेला लागायचं आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. पेपरांचा अभ्यास कसा करावा हे इथे नाही. पहिल्या फोनपासून रुजू होण्याच्या दिवसापर्यंत रिक्रूटरशी जो व्यवहार होतो, तेवढाच विषय घेतला आहे.

रिक्रूटर माझ्यासाठी नोकरी शोधतो ना?

नाही. तो कंपनीसाठी माणूस शोधतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की त्याच्या वागण्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

बाहेरच्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. आपल्याकडे रूढ दर वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. वरिष्ठ जागांना तो वाढतो. नऊ लाखांच्या जागेवर कन्सल्टन्सीला सुमारे ७५,००० रुपये मिळतात, पण तुम्ही रुजू झाल्यावरच. शिवाय बहुतेक करारांत अट असते, की माणूस ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा किंवा फी परत करायची. म्हणून हेच काम आधी केलेला उमेदवार त्याला सगळ्यात सुरक्षित वाटतो. क्षेत्र बदलणारा माणूस मुलाखतीत अडखळेल, पगार कमी म्हणून मागे फिरेल किंवा दोन महिन्यांत परत जाईल, अशी भीती त्याला असते. तुमच्या मेलला उत्तर येत नाही ते बहुधा या हिशेबामुळे. तुमची पात्रता त्याने तपासलेलीही नसते.

दुसरा प्रकार कंपनीच्या स्वतःच्या एचआरमधल्या माणसाचा. तो पगारी असतो, त्याला ९० दिवसांची भीती नसते. आणि सुरुवातीच्या पातळीच्या जागांसाठी बऱ्याच कंपन्या बाहेर फी द्यायला तयार नसतात, त्या जागा हाच माणूस भरतो. त्यामुळे पहिल्या ॲक्च्युरिअल नोकरीसाठी आधी कंपन्यांच्या एचआरकडे जा. कन्सल्टन्सीचा खरा उपयोग दुसऱ्या नोकरीच्या वेळी होतो, एक-दोन वर्षांचं काम गाठीला असताना.

किती पेपर झाल्यावर संपर्क करावा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर.

भारतात ही परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. ॲक्च्युअरीज कायदा २००६ नुसार ती वैधानिक संस्था झाली, कार्यालय नवी मुंबईत सीवूड्सला आहे. प्रवेशासाठी एसेट ही परीक्षा. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात एकूण तेरा पेपर: सीएस-१, सीएस-२, सीएम-१, सीएम-२, सीबी-१, सीबी-२, सीबी-३, मग सीपी-१, सीपी-२, सीपी-३, त्यानंतर विशेष विषयांचे दोन एसपी आणि एक एसए.

फक्त एसेट झालेली असताना रिक्रूटरला फोन करून फारसं काही हाती लागत नाही. एसेट म्हणजे दाराशी नाव नोंदवणं. दोन पेपर झाले की बोलणं सुरू होतं, तीन-चार असतील तर सीव्ही पुढे जातो. पण संख्येपेक्षा पेपर कोणते हे महत्त्वाचं आहे. सीबी-१ आणि सीबी-२ हे वित्त आणि अर्थशास्त्राचे पेपर. वाणिज्य शाखेच्या किंवा एमबीए केलेल्या माणसाने तेवढेच दाखवले तर घेणारा म्हणतो, हे तर याला येणारच होतं. सीएस-१ (संख्याशास्त्र) किंवा सीएम-१ (व्याज, ॲन्युइटी, मृत्युसारणी) यांपैकी एक यादीत असेल तरच माणूस या वाटेवर टिकेल अशी खात्री पटते. आयुर्विम्यात जायचं तर सीएम-१ आधी, सर्वसाधारण विम्यात जायचं तर सीएस-१ आणि मग सीएस-२. या चार गणिती पेपरांना दुसरा भाग संगणकावरचा असतो, सीएसला आर आणि सीएमला एक्सेल. तो भाग पास झालेला असणं हा मुलाखतीत सांगण्याजोगा पुरावा आहे.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. नोकरी सोडून घरी बसून आठ-नऊ पेपर काढायचे आणि मग बाजारात उतरायचं. अशा माणसाला शिकाऊ जागेवर घ्यायला कंपनी कचरते, कारण पेपरांच्या हिशेबाने त्याचा पगार वरच्या पायरीवर बसतो आणि काम मात्र शून्यापासून शिकवावं लागतं. वरच्या जागेला अनुभव लागतो, तो नसतो. चालू नोकरीत राहून तीन-चार पेपर काढावेत, अर्ज सुरू करावेत आणि पुढचे पेपर नव्या नोकरीत कंपनीच्या खर्चाने द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे.

सीव्हीत काय बदलायचं?

रिक्रूटरला सहसा ॲक्च्युरिअल विषय कळत नसतो. तो सीव्हीत शब्द शोधतो: पेपरांची नावं, एक्सेल, एसक्यूएल, आर, पायथन, प्रॉफेट (आयुर्विम्याचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर), रिझर्व्हिंग (दाव्यांसाठी राखीव रक्कम ठरवणं), प्रायसिंग (प्रीमियम ठरवणं), व्हॅल्युएशन (देण्यांचं मूल्य काढणं). ते शब्द पहिल्या पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात दिसले पाहिजेत.

नावाखाली लगेच परीक्षेची ओळ द्या. ती साधारण अशी असावी: "इन्स्टिट्यूटची विद्यार्थी सदस्य, सीएस-१, सीएम-१, सीबी-२ उत्तीर्ण, सीएस-२ चा निकाल बाकी, पुढच्या सत्राला सीएम-२ देणार." प्रत्येक उत्तीर्ण पेपरापुढे सत्राचा महिना आणि साल लिहा. आधीच्या पदवीवर सूट मिळालेली असेल तर तिथे "सूट" असंच लिहा, "उत्तीर्ण" नको. निकालाचं पत्र मागतात, आणि तिथे शब्द जुळला नाही की ऑफर अडते. किती प्रयत्नांत पास झालात हे सीव्हीत लिहायची गरज नाही, पण कुणी विचारलं तर खरा आकडा सांगा.

आधीचा अनुभव पुसून टाकू नका, त्याचं भाषांतर करा. बँकेत कर्जाच्या थकबाकीचे तक्ते केले असतील, तर तो काळानुसार होणाऱ्या तोट्याचा अंदाज आहे. ऑडिटमध्ये ग्रॅच्युइटीची तरतूद तपासली असेल, तर तो अहवाल ॲक्च्युअरीनेच दिलेला असतो आणि तुम्ही त्यातली गृहीतकं वाचली आहेत. विमा कंपनीच्या आयटीत पॉलिसी ॲडमिनचा डेटा हाताळला असेल, तर व्हॅल्युएशनचा कच्चा माल तुम्हाला माहीत आहे आणि ती फार मोठी जमेची बाजू आहे. प्रत्येक ओळीत आकडा हवा: किती रेकॉर्ड, किती वेळ वाचला, किती चुका सापडल्या.

एक लहान नमुना काम जोडा. सर्वसाधारण विम्यासाठी दाव्यांच्या त्रिकोणावरची चेन लॅडर (जुने दावे वर्षागणिक कसे वाढले त्यावरून पुढच्या दाव्यांचा अंदाज काढायची पद्धत), आयुर्विम्यासाठी एका मुदत विम्याच्या प्रीमियमचा हिशेब, तोही एका एक्सेल फाइलमध्ये, गृहीतकं वेगळ्या शीटवर. रिक्रूटर ती उघडणार नाही. टीम लीड उघडतो.

पहिल्या फोनवर काय विचारतात?

पाच ते दहा मिनिटांचा फोन असतो आणि त्याच्यासमोर एक फॉर्म असतो: सध्याची कंपनी, एकूण अनुभव, पेपर किती, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, शहर, बदलायचं कारण. या आठ गोष्टी कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. "बघून सांगतो" म्हटलं की तुमचा रकाना रिकामा राहतो आणि पुढचा फोन दुसऱ्याला जातो.

बदलायच्या कारणाचं उत्तर तीन वाक्यांत संपवा. आधी काय करत होता, त्यातला कोणता भाग ॲक्च्युरिअल कामाला जवळचा आहे, आणि आतापर्यंत त्यासाठी काय केलंत (पेपर, फाइल, सॉफ्टवेअर). "आयटीत स्थैर्य नाही" किंवा "इथे पगार चांगला असं ऐकलं" ही उत्तरं खरी असली तरी देऊ नका. पहिल्या नापास निकालाला हा माणूस परत फिरेल, असं त्यातून ऐकू येतं.

फोन झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा. त्याला तुमची ओळख पुढे पाठवताना तेच शब्द चिकटवता येतात, आणि विषय न कळणाऱ्या माणसाने तुमच्याबद्दल काहीतरी गोल गोल लिहिण्यापेक्षा ते बरं.

जागा खरोखर ॲक्च्युरिअल आहे की नुसतं नाव तसं आहे, हे कसं ओळखायचं?

"ॲक्च्युरिअल ॲनालिस्ट" या नावाखाली दाव्यांची नोंद, पॉलिसी डेटाची साफसफाई किंवा अंडररायटिंगची मदत अशी कामं खपवली जातात. ती कामं वाईट नाहीत, पण दोन वर्षांनी पुढच्या रिक्रूटरला तो अनुभव ॲक्च्युरिअल वाटणार नाही. क्षेत्र बदलणाऱ्याची एक उडी अशी वाया गेली की दुसरी फार अवघड होते. म्हणून सीव्ही पाठवायला हो म्हणण्याआधी हे विचाराच.

टीमचं काम कोणतं? प्रायसिंग, रिझर्व्हिंग, व्हॅल्युएशन, मॉडेलिंग, कॅपिटल, रिइन्शुरन्स (विमा कंपनीने स्वतः घेतलेला विमा), कर्मचारी लाभ (ग्रॅच्युइटी, रजा) यांपैकी एक नेमकं नाव मिळालं पाहिजे. सॉफ्टवेअर कोणतं? आयुर्विम्यात प्रॉफेट, मोझेस, ॲक्सिस. सर्वसाधारण विम्यात रेसक्यू, एम्ब्लेम, रडार. कर्मचारी लाभात बहुतेक एक्सेल. "आमचं स्वतःचं टूल" हे उत्तर आलं तर त्यात मॉडेल कोण बदलतं, भारतातली टीम की परदेशातली, हे विचारा. परदेशातली असेल तर तुमच्या वाट्याला बटण दाबून अहवाल काढणं येऊ शकतं.

मॅनेजरने किती पेपर केले आहेत? टीममध्ये फेलो (सगळ्या परीक्षा पूर्ण झालेला ॲक्च्युअरी) आहे का? किती जण सध्या परीक्षा देत आहेत? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. आठ जणांच्या टीममध्ये एकही जण परीक्षा देत नसेल तर ती टीम ॲक्च्युरिअल नाही, किंवा तिथे अभ्यासाला वेळच मिळत नाही.

कामाची वेळही विचारून घ्या. अमेरिकेतल्या टीमसाठी रात्रपाळी असेल तर सीएस-२ सारख्या पेपरचा अभ्यास कसा होणार, याचा आधीच विचार करा. महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर परीक्षेच्या आसपास येते का, हेही. व्हॅल्युएशनच्या टीममध्ये हा ताण नेहमीचा आहे.

रिक्रूटरला यातलं काही माहीत नसेल तर राग मानू नका. "मॅडम, एवढं टीमकडून विचारून सांगाल का?" असं म्हणा. चांगला रिक्रूटर विचारून सांगतो.

रिक्रूटर कंपनीचं नाव सांगत नाही. सीव्ही द्यावा का?

पहिल्या फोनवर न सांगणं समजू शकतं, तुम्ही परस्पर अर्ज कराल ही त्याची भीती खरी असते. पण सीव्ही पुढे जाण्याआधी नाव कळलंच पाहिजे. हे क्षेत्र लहान आहे. मुंबईत एलआयसी, जीआयसी री, न्यू इंडिया, एसबीआय लाइफ, एचडीएफसी लाइफ, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल यांची मुख्यालयं, पुण्यात बजाजच्या विमा कंपन्या, आणि मग सल्लागार कंपन्या व परदेशी विमा कंपन्यांची केंद्रं, जी गुरुग्राम, नोएडा, बंगळूरुकडे जास्त आहेत. घेणारी माणसं एकमेकांना ओळखतात. तुमचा सीव्ही कुठे गेला हे तुम्हाला माहीत नसणं इथे महागात पडतं.

दोन रिक्रूटरांनी माझा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला. आता?

कंपनीच्या प्रणालीत ज्याची नोंद आधी झाली त्याचा हक्क धरतात, आणि तो बऱ्याचदा सहा महिने टिकतो. दोघे फीवर भांडू लागले तर एचआर सोपा मार्ग निवडतं: उमेदवारच बाजूला ठेवतं. तुम्ही स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर आधी अर्ज केलेला असेल तरीही हाच घोळ होतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक वेळी मेलवर लिहून द्या: "अमुक कंपनीच्या अमुक जागेसाठी माझा सीव्ही पाठवायला माझी संमती आहे. इतर कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी कृपया विचारावे." आणि एक वही किंवा शीट ठेवा: तारीख, कंपनी, जागा, कोणामार्फत, काय झालं. घोळ झालाच असेल तर कंपनीच्या एचआरला एकच मेल पाठवा, कोणाला कधी संमती दिली ते तारखेसह सांगा आणि त्या दोघांच्या भांडणात पडू नका.

सध्याचा पगार सांगावा का? तो नव्या जागेपेक्षा जास्त आहे.

क्षेत्र बदलताना पगार उतरतो. रिक्रूटरला वाटतं, चौदा लाख घेणारा माणूस नऊ लाखांवर कसा येईल, आणि तो तुम्हाला न सांगताच वगळतो. म्हणून आकडा लपवण्यापेक्षा त्याच्या जोडीला तुमची तयारी सांगा: "सध्या चौदा आहे. शिकाऊ जागेसाठी साडेआठ ते दहामध्ये मी येईन, घरी हिशेब झालेला आहे, लिहूनही देईन." शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे. आकडा खोटा सांगू नका, सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतातच.

खाली किती उतरायचं ते सीटीसीवर ठरवू नका, हातात येणाऱ्या रकमेवर ठरवा. समजा ऑफर ९,००,००० ची आहे आणि त्यात ९०,००० कामगिरीवर अवलंबून आहेत. उरले ८,१०,०००. मूळ वेतन निम्मं, ४,५०,००० धरलं, तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ५४,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २१,६४५, दोन्ही सीटीसीतच मोजलेले. उरतात ७,३४,३५५, म्हणजे महिना ६१,१९६. त्यातून तुमचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात सुमारे ५६,५०० (आयकर यात धरलेला नाही). नऊ भागिले बारा करून ७५,००० समजून बसलेल्या माणसाला घराचा हप्ता भरताना हा फरक कळतो.

अभ्यासाची रजा आणि परीक्षेचा खर्च यांबद्दल कधी बोलायचं?

ऑफर लेटर येण्याच्या आधी, पण पहिल्या राउंडनंतर. "स्टडी सपोर्ट आहे" एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. रिक्रूटरकडून धोरणाचा कागद मागा आणि त्यात पुढचं शोधा.

एका पेपरला किती दिवस पगारी रजा आणि नापास झाल्यावर पुन्हा मिळते का. फी आधी देतात की पास झाल्यावरच परत करतात, आणि किती प्रयत्नांपर्यंत. ॲक्टेडसारख्या अभ्यास साहित्याचा खर्च मिळतो का. पेपर पास झाल्यावर पगारवाढ किती, आणि ती निकालाच्या महिन्यापासून की एप्रिलपासून. हा शेवटचा मुद्दा दिसतो तेवढा लहान नाही. वर्षातून दोनदा परीक्षा असते. निकालापासून वाढ देणारी आणि एप्रिलची वाट पाहायला लावणारी, या दोन कंपन्यांत प्रत्येक पेपरामागे काही महिन्यांच्या वाढीचा फरक पडतो. आणि लवकर सोडल्यास खर्च परत मागण्याची अट आहे का, किती महिन्यांची, तेही पाहा.

रुजू होण्याआधीच तुम्ही पुढच्या सत्राचा फॉर्म भरला असेल तर ते सांगा आणि त्या तारखांची रजा ऑफरच्या मेलमध्ये नोंदवून घ्या. परिविक्षेच्या काळात अभ्यासाची रजा नसते असा नियम कुठे कुठे आहे आणि तो परीक्षेच्या आठवडाभर आधी कळतो.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, त्यामुळे नाकारतात.

हा मोठा अडसर आहे, विशेषतः आयटीतल्या लोकांसाठी. तुमच्या नेमणूकपत्रात नोटीस विकत घेण्याचं कलम आहे का ते आधी वाचा. मूळ वेतनावर मोजतात की पूर्ण पगारावर, यावर रक्कम दुपटीने बदलू शकते. शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का, हेही बघा. मग रिक्रूटरला "९० दिवस" एवढंच न सांगता "९० दिवस, पैसे भरून ४५ वर आणता येतात" असं सांगा.

हातात लेखी ऑफर नसताना राजीनामा देऊ नका. रिक्रूटर "राजीनामा टाका, ऑफर येतेच आहे" म्हणाला तरी नाही. त्याच्या हातात ते नसतं. आणि जुनी नोकरी चालू ठेवून नव्या ठिकाणी रुजू होण्याचा विचार तर अजिबात नको, यूएएनच्या नोंदीत दोन पीएफ एकाच महिन्यात दिसतात.

चाचणीत काय येतं? रिक्रूटर नुसतं "एक्सेल टेस्ट" म्हणतो.

किती मिनिटं, संगणकावर की तोंडी, मॅक्रो चालतात का, एवढं त्याच्याकडून काढून घ्या. बाकी तयारी तुमची. पिव्हट, सम-इफ्स, इंडेक्स-मॅच किंवा एक्सलूकअप, अशुद्ध तारखा सुधारणं हे सगळीकडे येतं.

ॲक्च्युरिअल भागात ठरलेली चूक होते ती हप्त्याच्या वेळेची. वर्षाला १०,००० रुपये, २० वर्षं, ७ टक्के व्याज, आजचं मूल्य काढा. हप्ता वर्षाच्या शेवटी असेल तर उत्तर सुमारे १,०५,९४०. सुरुवातीला असेल तर सुमारे १,१३,३५६. एक्सेलच्या पीव्ही सूत्रात शेवटचा रकाना रिकामा सोडला की ते वर्षाचा शेवट धरतं. विम्याचा प्रीमियम मात्र सुरुवातीला येतो. प्रश्नात सांगितलं नसेल तर गृहीतक सेलमध्ये लिहा. तपासणारा उत्तराइतकंच ते बघतो.

चेन लॅडर विचारली तर गुणक कसा काढला आणि एखाद्या वर्षी मोठा दावा आल्यास तो गुणक का बिघडतो, हे शब्दांत सांगता आलं पाहिजे. आयएफआरएस १७ (विमा करारांचे हिशेब कसे दाखवायचे याचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक) याबद्दल एक प्रश्न हमखास असतो. ते २०२३ च्या १ जानेवारीपासून बऱ्याच देशांत लागू झालं, आणि भारतातली बरीच केंद्रं परदेशी कंपन्यांसाठी त्याचंच काम करतात. करारातला अपेक्षित नफा एकदम न दाखवता सेवा देत जाऊ तसा दाखवायचा, एवढी कल्पना तरी स्पष्ट हवी.

मुलाखत झाली आणि रिक्रूटर गायब. किती वाट पाहायची?

चार कामाचे दिवस थांबून एक मेल, आणखी आठवड्याने एक फोन. त्यानंतर ती जागा गेली असं धरून पुढे जा. दरम्यान निकाल लागला आणि पेपर पास झालात, तर ती बातमी सगळ्या जुन्या रिक्रूटरांना एका ओळीत पाठवा. निकालानंतरचा आठवडा संपर्काला सर्वांत चांगला, कारण तेव्हाच टीममधली माणसं नोकऱ्या बदलतात आणि जागा मोकळ्या होतात. नकाराचं कारण विचारताना "मी कुठे कमी पडलो?" असं न विचारता "तांत्रिक भागात की अनुभवात?" असं विचारा. उत्तर द्यायला सोपा प्रश्न असला की उत्तर येतं.

रिक्रूटरने पैसे मागितले.

फोन ठेवा. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, पडताळणी, कोणत्याही नावाने असो. खरी कन्सल्टन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ऑफर लेटर येण्याआधी आधार, पॅन, बँकेचं पासबुक यांच्या प्रतीही देऊ नका. मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का ते अक्षर अक्षर तपासा.

एलआयसी आणि जीआयसी री ॲक्च्युरिअल पदांसाठी जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करतात. तिथे कोणताही रिक्रूटर नसतो. "आत ओळख आहे" म्हणणारा माणूस फसवतो आहे, यात शंका ठेवू नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

वय ३५ च्या पुढे आहे. रिक्रूटर स्पष्ट काही बोलत नाही.

शिकाऊ जागेवर २४ वर्षांच्या मॅनेजरखाली हा माणूस काम करेल का, अशी शंका घेतली जाते. ती तुम्हीच आधी बोलून काढून टाका. आणि शेजारच्या दारांचा विचार करा: विमा कंपनीतलं मॉडेल टेस्टिंग, ॲक्च्युरिअल टीमचं डेटा इंजिनिअरिंग, आयएफआरएस १७ चे प्रकल्प, लेखा आणि ॲक्च्युरिअल यांच्या मधल्या जागा. तिथे तुमचा जुना अनुभव पगारात मोजला जातो, टीम तीच असते, आणि वर्षा-दोन वर्षांत आतल्या आत बदल मागता येतो. सध्या विमा कंपनीतच असाल तर बाहेरच्या रिक्रूटरच्या आधी आपल्याच अपॉइंटेड ॲक्च्युअरीच्या (कंपनीने नेमलेला प्रमुख ॲक्च्युअरी) टीमकडे विचारा.

लंडन किंवा अमेरिकेतल्या रिक्रूटरशी बोलताना वेगळं काय?

त्याचा पहिला प्रश्न तिथे काम करण्याच्या परवानगीचा असतो. ती नसेल तर सुरुवातीच्या पातळीला बोलणं तिथेच थांबतं. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजचे पेपर चालतात आणि आपल्या पेपरांची रचना त्यांच्याशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे सीएस-१ म्हटलं की तिथल्या रिक्रूटरला कळतं. अमेरिकेत सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज आणि कॅज्युअल्टी ॲक्च्युरिअल सोसायटी यांच्या परीक्षा वेगळ्या. तिथे सुरुवातीला पी आणि एफएम हे दोन पेपर विचारतात, आणि सीएम-१ म्हटल्यावर समोरचा गप्प होतो. जोडीदाराच्या व्हिसावर तिकडे गेलेल्यांनी कामाची परवानगी हातात येण्याची वाट न पाहता पी द्यावा. परवानगी येईल त्या दिवशी रिक्रूटरला सांगायला पास झालेला पेपर असेल.